तेलाचं बोट

सखूबाई गुरवीण कळमजाईला भीत नव्हती. गावाला हे सांगून पटलं नसतं, पण जिला आपण वर्षानुवर्षं रोज सकाळी अंघोळ घातली, जिच्या मानेमागची शेंदराची जुनी खपली नखानं काढली, तिला भ्यायचं तरी कसं? लग्न होऊन कळंबदऱ्यात आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आता पन्नाशी उलटली होती. एवढ्या वर्षांत तिनं देवीशी भांडण केलं, अबोला धरला, आणि नवरा गेला त्या साली तर आठ दिवस गाभाऱ्यात दिवासुद्धा लावला नाही. देवीनं तिचं काही वाकडं केलं नाही. तेव्हापासून दोघींचं बरं चाललं होतं.

कळंबदरा म्हणजे डिंभ्याच्या धरणाच्याही वर, डोंगराच्या कुशीत बसलेली चाळीस उंबऱ्यांची वाडी. भात, नाचणी, वरई एवढंच पिकतं, आणि उन्हाळा लागला की निम्मी माणसं नारायणगावकडच्या मळ्यांत टोमॅटो तोडायला जातात. देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या गुरवाच्या घरी, आणि त्याबद्दल सुगीला घरटी पायलीभर भात. देवळाचा खरा दरारा मात्र पूजेचा नव्हता, कौलाचा होता. सोयरीक करावी का, बांध कुणाचा, विहीर कुठं खोदावी, काहीही अडलं की देवीला विचारायचं. तिच्या दोन्ही खांद्यांवर खुरचाफ्याची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नाही'. पुढं अपील नाही. घोडेगावच्या कोर्टानं दिलेला निकाल न मानणारी माणसं या पाकळीपुढं मान खाली घालून घरी जायची.

पंचवीस वर्षं हा कौल सखूबाईच्या नवऱ्यानं लावला. तो गेल्यावर अडचण झाली, कारण मुलगा नव्हता, आणि बाईनं कौल लावायचा नाही असा रिवाज. का नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे रिवाज अगदी पक्का होता. दोन वर्षं कौल बंद राहिला, आणि मग खालून कुठूनसा रखमाजी आला.

रखमाजी गोरा, गुबगुबीत, गोड गळ्याचा. आधी काय करत होता असं विचारलं की डोळे मिटायचा. टीव्हीवरच्या देवांसारखं मधूनच हिंदी बोलायचा, आणि त्या डोंगरात जिथं टीव्ही एकच, तोही धर्माजीच्या घरी, तिथं हिंदी बोलणारा माणूस देवाच्या चार पावलं जवळचा वाटणारच. धर्माजी वाडीतला मोठा माणूस, देवळाच्या पंचांतला पहिला. त्यानंच रखमाजीला सभामंडपात राहायला जागा दिली. महिन्याभरात रखमाजीचे 'रखमाजी महाराज' झाले, कौल पुन्हा सुरू झाला, अंगारा सुरू झाला, आणि सखूबाईकडं झाडलोट, समई घासणं आणि पाणी आणणं एवढंच उरलं. देवीची अंघोळ आणि शेंदूरतेल महाराज स्वतः करू लागले. गाभाऱ्याचं दार लावून.

ते दार लावणं सखूबाईला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण ती गप्प बसली. का बसली, ते पुढं येईलच.

सत्त्याण्णव सालचा चैत्र. दिवस वर आला होता. वाडीतल्या ज्ञानेश्वरची आठ वर्षांची वृषाली करवंदं काढायला कुंपणाशी गेलेली, आणि रानाकडून एक कुत्रं आलं. जबडा लोंबलेला, तोंडातून लाळेची तार. आधी ते धर्माजीच्या गोऱ्ह्याला चावलं, तोंडालाच. पोरगी ओरडली, तसं तिच्याकडं वळलं आणि मनगटाच्या वर कचकन दात रोवून पुढं चालतं झालं. पुढच्या वाडीत लोकांनी त्याला काठ्यांनी मारलं. ते भुंकलंसुद्धा नाही म्हणे.

उपकेंद्रातली शीला नर्स त्या दिवशी वाडीत लहान पोरांना डोस पाजायला आली होती. तिनं वृषालीला ओढत पाण्याच्या हौदावर नेलं, साबणानं हात धू-धू धुतला आणि जागच्या जागी चिठ्ठी लिहिली. आजच तालुक्याला न्या, सरकारी दवाखान्यात. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक.

चौदा म्हटल्यावरच अर्धी वाडी गार झाली. आणि तीही पोटात. ज्ञानेश्वरची आई अंबाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीच्या जातीला पोटात सुया? कूस जळून जाईल तिची. उद्या कोन करील तिला?"

"आजी, तसं काही होत नाही," शीला म्हणाली. "आणि हा रोग एकदा डोक्यात चढला की जगात कुठं औषध नाही. एक पेशंट वाचत नाही. एकसुद्धा."

पण तोवर रखमाजी महाराज आले होते, आणि त्यांच्या हातात काशाची थाळी होती. वृषालीला पालथं झोपवून त्यांनी ती थाळी तिच्या उघड्या पाठीवर दाबली, मंत्र म्हटला, हात काढला. थाळी चिकटून राहिली. जोवर विष आहे तोवर थाळी धरून राहणार, असं महाराजांनी सांगितलं. चैत्रातलं ऊन, पोरगी घामानं निथळलेली. चिकटणार नाही तर काय करील? सगळे श्वास रोखून बघत राहिले, घाम वाळला आणि थाळी खणकन खाली पडली. "उतर गया," महाराज म्हणाले. मग त्यांनी गोऱ्ह्यालाही अंगारा लावला. शीला नर्सची चिठ्ठी ज्ञानेश्वरच्या खिशातच राहिली.

दोन दिवस गेले. शीला रोज येत होती, घसा फोडून सांगत होती. ज्ञानेश्वर ना इकडचा ना तिकडचा. तो काही मूर्ख माणूस नव्हता. सातवी शिकलेला, मळ्यावर मुकादमाचं काम करणारा. पण आईचा धाक, धर्माजीचा शब्द, महाराजांची थाळी असं सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सरकारी नोकरीतली एक परगावची बाई. शेवटी त्यानं अडलेल्या माणसानं तिथं जे करायचं तेच ठरवलं. मंगळवारी सकाळी देवीला कौल लावायचा. देवी सुया द्या म्हणाली तर द्यायच्या.

सोमवारी दुपारी त्याची बायको जया सखूबाईच्या दारात येऊन बसली. तान्हं मूल पदराखाली, डोळे सुजलेले.

"काकी, तुमचं ऐकती ती. इतकी वर्सं न्हाऊ घातलंय तुमी तिला. तिला सांगा ना, उद्या उजवी पाड म्हनून. माझी पयली पोर हाय वो वृषा."

सखूबाईनं जयाला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि घरी पाठवलं. मग चुलीपुढं बसून राहिली. कारण पाकळी कोण पाडतं ते कळंबदऱ्यात दोघांनाच माहीत होतं. एक रखमाजी, दुसरी ती.

फार वर्षांपूर्वी दोन सख्खे भाऊ बांधावरून कोयते घेऊन एकमेकांवर धावले होते, तेव्हा कौल लावायचं ठरलं. त्या सकाळी सखूबाईनं पाहिलं, की नवऱ्यानं समईतल्या तेलात बोट बुडवलं आणि देवीच्या डाव्या खांद्यावरून हळूच फिरवलं. पाणी तेलावर ठरत नाही, हे कुठल्याही घरच्या बाईला ठाऊक असतं. तेलाच्या बाजूची पाकळी आधी सुटणार, दुसरी चिकटून राहणार. डावी पडली, धाकट्यानं माघार घेतली, कुणाचं डोकं फुटलं नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "देवीलाबी कळत आसंल की. रगत सांडन्यापेक्षा तेल सांडल्यालं बरं." तिला ते पटलं. पटायला कठीण काय होतं? घरात पायली-पायली भात येत होता. पुढं प्रत्येक कौलाला बोट फिरत राहिलं, कधी कुणाच्या भल्यासाठी, आणि कधी, खरं बोलायचं तर, ज्यानं आदल्या दिवशी घरी येऊन गोड बोलून ठेवलंय त्याच्यासाठी. आता नवऱ्याच्या नावाला गावात मान होता. 'गुरवाचा कौल म्हंजी कौल' असं म्हातारी माणसं अजून म्हणायची. रखमाजीचं दार बंद का असतं हे उघड केलं, तर मेलेल्या माणसाचं दारही उघडं पडणार होतं. म्हणून ती दोन वर्षं गप्प होती. अंगारा, थाळ्या, लग्नं, बांध. तिनं सगळं डोळ्याआड केलं होतं.

पण हे आठ वर्षांच्या पोरीचं होतं.

तिनं मनाशी सोपी तोड काढली. कुणाला काही सांगायचंच नाही. पहाटे पाणी घेऊन जायचं, डावा खांदा पदरानं पुसायचा, उजव्यावर बोट फिरवायचं. पोरगी वाचेल, नवऱ्याचं नाव राहील, रखमाजी चरफडत बसेल. या बेतावर ती खूश झाली आणि मंगळवारी उजाडताच कळशी घेऊन निघाली.

महाराज गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आडवे बसले होते. अंघोळ, शेंदूर, सगळं आवरून. "आज पानी नको, बाई," ते म्हणाले. "माता सज झाली." आणि हसले. रखमाजी अगदीच कसाई होता असं नाही. त्या पोरीचं वाईट व्हावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. फक्त त्यानं चारचौघांत विष उतरलं म्हणून सांगितलं होतं, आणि तो शब्द त्याला पोरीच्या जिवाहून मोठा वाटत होता. मला विचाराल तर कसाई परवडला.

आठ वाजेतो सभामंडप भरला. पुढं धर्माजी पंचांबरोबर, त्याच्या बाजूला ज्ञानेश्वर वृषालीला मांडीवर घेऊन, बायका डाव्या अंगाला. देवळाबाहेर चाफ्याखाली शीला नर्स पिशवी घेऊन उभी, आणि रस्त्यावर तिनंच थांबवून ठेवलेली, सवाऱ्या वाहणारी वडापची जीप. महाराजांनी पाकळ्या लावल्या. "माते, पोरीला सुया द्यायच्या काय?" शंभर आकडे मोजावेत एवढा वेळ गेला. डावी पाकळी सरकली, थबकली आणि पडली.

जयाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून तिच्या कुशीतलं तान्हं रडायला लागलं. अंबाबाईनं देवीला हात जोडले. ज्ञानेश्वरनं मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि सखूबाईला त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आला. ठरवण्याचं ओझं गेलं म्हणून माणूस असा सुटतो, आणि मरतं कोण, तर पोर.

ती उठली. पदर खोचला आणि सरळ गाभाऱ्यात शिरली.

"आता मी इचारते."

"सखूबाई, बाईनं कौल लावायचा नसतो," धर्माजी म्हणाला.

"धर्माभाऊ, आत बसलीय ती कोन हाय? बाईच हाय ना?"

बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. महाराज म्हणाले, एकाच गोष्टीला दोनदा विचारलं तर माता कोपते. सखूबाई म्हणाली, कोपली तर माझ्यावर कोपंल, मी तिची सवयीची हाय. बोलता बोलता तिनं देवीचे दोन्ही खांदे पदर ओला करून खसखसून पुसले, समईशी वाकून वात सारखी केली आणि नव्या पाकळ्या लावल्या.

"आई, वृषालीला सुया द्यायच्या का?"

यावेळी पन्नासही मोजावे लागले नाहीत. उजवी पडली. मंडपात कुजबुज उठली. ज्ञानेश्वरनं मान वर केली.

"थांबा, आजून इचारू," सखूबाई म्हणाली. पुन्हा पुसलं, पुन्हा वात सारखी केली, पुन्हा पाकळ्या. "आई, आपल्या धर्माभाऊच्या म्हशीला औंदा शिंगरू व्हनार का?"

उजवी पडली. हो.

आता मात्र मागच्या तरण्या पोरांना हसू आवरेना. म्हशीच्या पोटी घोडीचं शिंगरू. धर्माजी लाल झाला. "देवीची थट्टा करती का तू?"

"मी न्हाई. उत्तर ती देती," सखूबाई म्हणाली आणि पुन्हा पुसून तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. "आई, हा रखमाजी तुझा भगत हाय का?"

सगळे उठून उभे राहिले होते. महाराज दोन पावलं पुढं आले, पण ज्ञानेश्वरनं त्यांच्या छातीवर हात ठेवला. त्याचं त्यालाही कळलं नसावं, तो हात कधी उठला ते. डावी पाकळी पडली.

सखूबाईनं उजव्या हाताचं पहिलं बोट वर धरलं. ते चकाकत होतं.

"तेल हाय," ती म्हणाली. "समईतलं. ज्या खांद्यावर बोट फिरवलं, तिकडली पाकळी पडती. देवी हो म्हनत न्हाई आन्‌ न्हाईबी म्हनत न्हाई. बोट म्हनतं."

"झूठ," महाराज ओरडले. "ही बाई चेटूक करती."

"मंग मी हात लावतच न्हाई. धर्माभाऊ, तुमी या. तुमीच तेल लावा, तुमीच इचारा."

धर्माजी जागचा हलेना. पण चाळीस घरांचे डोळे पाठीला लागले की मोठ्या माणसालाही पुढं व्हावं लागतं. तो आत गेला. त्यानं डाव्या खांद्याला तेल लावलं, पाकळ्या चिकटवल्या, आणि काय विचारावं ते सुचेना म्हणून, ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही असा प्रश्न विचारला. "आई, मी धर्माजीच हाय ना?"

डावी पडली.

मग जे हसू फुटलं ते कळमजाईच्या देवळात कधी फुटलं नसेल. बायका पदर तोंडाला लावून, म्हातारे खोकत खोकत, पोरं तर लोळत. धर्माजी स्वतःच्या बोटाकडं बघत उभा होता, आणि थोड्या वेळानं त्याच्याही मिशीखाली ओठ हलले. मग बायकांतली कुशाबाई पुढं झाली, मग आणखी एक, मग पोरांनी रांगच लावली. ज्याला जे हवं ते विचारत होता आणि देवी बिचारी तेल लावाल तिकडं पाकळी टाकत होती. त्या गर्दीत पहिल्यांदाच कुणी महाराजांकडं बघत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीनं रखमाजीचा चेहरा असा उतरला, की सखूबाईला क्षणभर त्याची कीव आली. क्षणभरच.

"आन्‌ तुझा नवरा गं?" त्यानं शेवटचा दगड फेकला. "पंचवीस वर्सं तो काय करत व्हता?"

हसणं थांबलं. सखूबाईला हे येणार हे माहीत होतं.

"हेच," ती म्हणाली. "माज्या मालकानंबी हेच केलं. मी डोळ्यांनी बघितलं आन्‌ तुमचा भात खाल्ला. तुमच्या पायलीतलं समदं खाल्लं. दोन वर्सं हा काय करतो तेबी मला ठावं व्हतं आन्‌ मी बोलले न्हाई, का तर माज्या मानसाचं नाव जाईल म्हनून. आज गेलं. जाऊ द्या."

कुशाबाई हळूच म्हणाली, "माज्या शेवंताची सोयरीक कौलानं मोडली व्हती. चांगली मानसं व्हती ती."

"मोडली आसंल," सखूबाई म्हणाली. "मला काय बोलायला तोंड न्हाई, कुशाबाई." तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

पुढं कुणी बोलायच्या आत ज्ञानेश्वर निघाला होता. त्यानं पोरीला खांद्यावर टाकलं, महाराजांना वळसा घातला आणि तो मंडपाच्या पायऱ्या उतरला. अंबाबाई मागून ओरडली, "आरं, कूस..." त्यावर जया, जिनं सासूपुढं आजवर वर तोंड करून पाहिलं नव्हतं, थांबून म्हणाली, "आत्याबाई, आधी पोरगी ऱ्हाऊ द्या. कुशीचं मागनं बघू." शीलानं जीपचं दार उघडून धरलं होतं. धुरळा उडवत गाडी वळणाआड गेली तेव्हा सखूबाई चाफ्याखाली उभी होती, आणि आपण जिंकलो का हरलो हे तिला अजिबात कळत नव्हतं. पोटात मात्र कित्येक वर्षांत नव्हतं असं हलकं वाटत होतं.

चौदा दिवस वृषाली रोज तालुक्याला जात राहिली. जया तान्हं घेऊन जायची, कधी ज्ञानेश्वर मळ्याचा खाडा करून न्यायचा, आणि चार वेळा सखूबाई गेली. पोटावर बेंबीभोवती गोल करून सुया. पहिल्या दिवशी पोरीनं तिला धरून बसलेल्या शीलाच्या हाताला चावा घेतला. शीला म्हणाली, "आता मलाच घ्यावी लागतात का बघ." सहाव्या दिवशी वृषाली स्वतःच फ्रॉक वर करून उभी राहायला लागली. रखमाजी चौथ्या दिवशीच थाळी गुंडाळून पहिल्या एसटीनं गेला. कुठं गेला ते कुणी विचारलं नाही.

पण वाडीनं सखूबाईला डोक्यावर घेतलं असं समजू नका. हसायचं तेव्हा सगळे हसले; घरी गेल्यावर एकेकाला आपापला जुना कौल आठवायला लागला. गेलेला बांध, मोडलेलं लग्न, न खोदलेली विहीर. बायका देवळात यायच्या बंद झाल्या. हौदावर ती गेली की बोलणं थांबायचं. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर सांगितलं, की पोरीला काही झालंच नसतं, गोऱ्ह्याला कुठं काय झालं? उगं देवीची अब्रू घालवली. गोऱ्हा खरंच ठणठणीत होता. धर्माजीच्या गोठ्यात चारा खात होता, उड्या मारत होता. सखूबाईला रात्री झोप लागेना. तो गोऱ्हा जगावा असंच तिला वाटायचं, मुकं जनावर ते; आणि त्याच वेळी, तो जगला तर आपण आयुष्यभर खोटे, हेही कळायचं.

कुत्रं चावल्याच्या सव्वीसाव्या दिवशी दुपारी गोठ्यातून आवाज आला. घोगरा, फाटलेला, गोऱ्ह्याचा वाटेचना. वाडी धावली. गोऱ्हा दाव्याला हिसके देत होता, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, आणि तो दावणीचं लाकूड चावत होता. धर्माजी त्याच्याजवळ जाणार तोच शीला नर्स पाठीमागून किंचाळली, लाळेला हात लावू नका, कुणी पुढं होऊ नका. तिनं पोरांना मागं रेटलं. गोऱ्ह्याला तहान लागली होती, ते दिसत होतं. समोर पाण्याचं घमेलं होतं. तो तोंड पाण्याकडं न्यायचा, पाण्याला ओठ लागायचे, आणि गळ्यात असा काही पेच पडायचा की सगळं अंग ताठ होऊन तो मागं उडायचा. पुन्हा यायचा. पुन्हा तेच. घमेलं काठोकाठ भरलेलं, आणि एक घोट आत जात नव्हता. चाळीस घरची माणसं ते बघत उभी होती. दिवस मावळायच्या आत तो पडला.

"मानसालाबी असंच व्हतं का?" ज्ञानेश्वरनं विचारलं.

"असंच," शीला म्हणाली.

अंबाबाई 'वृषा, वृषा' करत इकडंतिकडं बघू लागली. जया सखूबाईच्या शेजारी उभी होती; तिनं सखूबाईचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. तेवढ्यात ओढ्याकडून पोरांचा कालवा आला आणि वृषाली पळत आली, घामाघूम, केस विस्कटलेले, फ्रॉकला चिखल. गर्दी कशाची आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती सरळ धर्माजीच्या ओट्यावर चढली, माठातून तांब्या भरून घेतला, डोकं मागं टाकलं आणि पाणी पिऊ लागली.

सगळी वाडी तिच्याकडं वळली. तिच्या बारक्या गळ्यातून एकेक घोट खाली उतरत होता आणि प्रत्येक घोटाबरोबर तिचा गळा हलत होता. धर्माजी बघत होता. तोंडावर बोलणारा तो म्हातारा बघत होता. कुशाबाईनं हळूच येऊन सखूबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. सखूबाई हुंदके देत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिच्या नवऱ्याचं नाव, देवळाचा भात, सगळं एका पारड्यात टाकलं असतं तरी त्या गळ्यातल्या एका घोटाएवढं भरलं नसतं.

वृषालीनं तांब्या रिकामा केला, मनगटानं तोंड पुसलं आणि तिच्याकडं टक लावून बघणाऱ्या माणसांकडं पाहिलं.

"काय झालं? आजून पायजे मला," ती म्हणाली.

धर्माजीनं तिच्या हातातून तांब्या घेतला, स्वतः माठातून भरून आणला, आणि तिनं तोही तळापर्यंत संपवला.